दुखणं पायात, अडथळा ओटीपोटात



इमारतीच्या पाइपात गंज साचला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे आपण सर्वसाधारण सभेत दरवर्षी ऐकतो. माझ्या शरीरात तेच झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरताना सी विंगपर्यंत गेलो की उजवा कुल्ला, मांडी आणि पोटरी भरून येई. मग मी सूचना फलक वाचल्याचं नाटक करून थांबे. दोन-तीन मिनिटांत दुखणं जाई. तेवढंच अंतर चाललो की पुन्हा हजर. ‘वय झालं’ म्हणत मलम आणि शेक यांवर वर्ष काढलं. शेवटी सौ. म्हणाली, “रोज तीच नोटीस काय वाचता?” आणि दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी दंडांचा आणि घोट्यांचा रक्तदाब मोजला. घोट्याचा दाब भागिले दंडाचा, उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर अडथळ्याची शंका. माझं ०.६ आलं. बँकेत आयुष्यभर गुणोत्तरं तपासली, हे एक राहिलं होतं!

महाधमनी बेंबीच्या सुमारास दुभागते आणि एकेक फाटा ओटीपोटातून एकेका पायाकडे जातो. माझा उजवा फाटा अरुंद झाला होता. तरुणपणच्या सिगारेटी आणि मधुमेह यांनी व्याजासह वसुली केली.

जांघेत भूल देऊन बारीक नळी आत घातली, अरुंद जागी फुगा फुगवला, जाळीचा स्टेंट बसवला. मी जागाच होतो. दुसऱ्या दिवशी घरी आलो. फुगा म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं; पण झुरिकला आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी तो १९७४ साली आधी पायाच्या रक्तवाहिनीत वापरला, हृदयात १९७७ साली.

सगळ्यांनाच फुगा लागत नाही. तंबाखू सोडणं, औषधं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालणं, यानेही अनेकांना आराम पडतो. फुग्यानंतरही हे पथ्य सुटत नाही, कारण वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकते. पायात अडथळा असलेल्याला हृदयविकाराचाही धोका जास्त, म्हणून दुखणं लपवू नका. बसल्या जागी पाय दुखला, जखम भरेना, तर लगेच दाखवा. पाय एकाएकी गार, फिका पडला तर तडक हॉस्पिटल गाठा.

आता मी न थांबता गेटपर्यंत जातो. सूचना फलकापाशी कुणी रोज थांबताना दिसलं, तर एवढंच विचारा, “पाय दुखतोय का?”