कुलवधू : ज्योत्स्नाबाई भोळे यांची रंगयात्रा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



माझी आजी नाटकवेडी नव्हती. किंबहुना ‘नाटकात कामं करणाऱ्या बायका’ हा शब्दप्रयोग तिच्या तोंडी येई तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली जाई. अशा आजीला आजोबांनी एकदा आग्रहाने ‘कुलवधू’ दाखवले. परत येताना ती म्हणाली, “ती बाई नटी वाटलीच नाही हो. आपल्यातलीच वाटली.”

‘आपल्यातली’ या एका शब्दाविषयी मला आज बोलायचे आहे. तो गौरवाचा शब्द आहे हे खरे. पण त्यात एक काटाही दडलेला आहे. ज्योत्स्नाबाई भोळे यांचे सारे जीवन हा गौरव आणि हा काटा दोन्ही पेलण्यात गेले, असे मला वाटते.

त्यांचा जन्म ११ मे १९१४ चा, गोव्यातल्या बांदिवडे गावचा. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. देवालयाच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या गाणे जपणाऱ्या घराण्यांची ती भूमी. त्या घराण्यांतील स्त्रियांनी आपल्या संगीताला किती दिले याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. त्यांचे गाणे आपण डोक्यावर घेतले. त्यांना मात्र माजघरात पाट मांडून बसवले नाही. थोरली बहीण गिरिजाबाई स्वतः नामवंत गायिका. लहानगी दुर्गा मुंबईस आली आणि आग्रा घराण्याची तालीम तिला लाभली. १९३२ साली केशवराव भोळे यांच्याशी विवाह झाला आणि दुर्गेची ज्योत्स्ना झाली. केशवराव वैद्यकाचा अभ्यास सोडून संगीताच्या मागे लागलेले, वयाने अठरा वर्षांनी वडील, विचाराने मात्र काळाच्या पुढे. रूढ चौकटीबाहेरचा हा विवाह त्या दिवसांत किती जणांना रुचला असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता १९३३ साल डोळ्यांसमोर आणा. बोलपट येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि नाटक मंडळ्यांचे दिवे एकेक करून मंदावत होते. पंचेचाळिशीतले बालगंधर्व अजून शालू नेसून रंगमंचावर येत होते. हिराबाई बडोदेकरांनी स्त्रियांसाठी वाट पाडली होती, तरी स्त्री-पुरुषांनी एकत्र भूमिका करणे ही सुशिक्षितांच्या घरात पचणारी गोष्ट नव्हती. अशा वेळी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते सिद्ध केले होते. जी नीतिमत्ता समाज स्त्रीकडून मागतो, ती पुरुषाकडून का मागत नाही, हा त्यातला प्रश्न. तो आज तरी जुना झाला आहे का?

त्यात बिंबेची भूमिका करणाऱ्या ज्योत्स्नाबाई अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. संगीत केशवरावांचे. रात्रभर चालणारी नाटके आणि ‘वन्समोअर’च्या गजरात चार-चार वेळा म्हटली जाणारी पदे यांची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे मोजकी, भावगीताच्या अंगाने जाणारी गाणी आली. बोलता बोलता पात्र गाऊ लागे आणि गाता गाता पुन्हा बोलू लागे. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. तालमीत तयार झालेल्या गळ्याला ती फार अवघड जाते, कारण तान हाताशी असूनही ती आवरावी लागते! ज्योत्स्नाबाईंनी ती आवरली. गायिका मागे राहिली आणि पात्र पुढे आले.

‘नाट्यमन्वंतर’ फार काळ टिकले नाही. पण पेरलेले वाया गेले नाही. १९४१ मध्ये मो. ग. रांगणेकरांनी ‘नाट्यनिकेतन’ स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी, ‘चले जाव’ने देश ढवळून निघत असताना, ‘कुलवधू’ आले. संगीत मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचे. त्यातली भानुमती ही मध्यमवर्गीय घरातली विवाहिता. चित्रपटात नाव कमावते, पैसा मिळवते, आणि नवऱ्याला नेमके तेच सलते. पत्नीची कीर्ती सहन न होणारा नवरा आणि कुलवधू म्हणजे नेमकी कोण हा प्रश्न, दोन्ही मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना आपल्याच बिऱ्हाडातले वाटले. आणि भानुमती रंगवणारी स्त्री स्वतः घरसंसार सांभाळून रंगभूमीवर उभी होती. माझ्या आजीला जे ‘आपल्यातले’ दिसले, ते बहुधा हेच.

पुढे ‘नाट्यनिकेतन’च्याच ‘भूमिकन्या सीता’ या मामा वरेरकरांच्या नाटकात उर्मिलेच्या उपेक्षेला शब्द मिळाले, आणि ते ज्योत्स्नाबाईंच्या गळ्यातून आले. १९७६ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. ५ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील हिराबागेच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

पण मघाच्या काट्याकडे परत येऊ. ‘कुलवधू’ पाहून भारावलेल्या माझ्या आजीने काही वर्षांनी आत्याला महाविद्यालयाच्या नाटकात काम करू दिले नाही. तालमी सुरू झाल्या होत्या, संवाद पाठ होते. आत्याने ज्योत्स्नाबाईंचेच नाव पुढे केले. आजी एवढेच म्हणाली, “त्यांचं वेगळं.” म्हणजे टाळ्या वाजवताना ज्या ‘आपल्यातल्या’ होत्या, त्या घरात निर्णय करताना पुन्हा परक्या झाल्या. आजीला मी दोष देत नाही. ती तिच्या काळाची होती, आणि आत्याने तिची सेवा शेवटपर्यंत केली. पण ते संवाद आत्याला सत्तरीतही पाठ होते. स्वयंपाकघरात एकटी असताना ती ते म्हणत असे, हे मी स्वतः ऐकले आहे.

ज्योत्स्नाबाईंच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे आजही सहज मिळतात. त्यांचे ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ हे आत्मकथनही आवर्जून वाचावे, आणि शक्य तर घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या सोबतीने वाचावे. त्यांच्यापाशीही अशी एखादी राहून गेलेली भूमिका असेल, विचारून पाहा.