नाकातली सर्दी आणि लपवलेला दमा



संयोजकांनी मला ‘तरुण आणि तंत्रज्ञान’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर बोलणारी माझ्यापेक्षा हुशार माणसं तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. मला नाकावर बोलू द्या. ते हसले, पण हो म्हणाले.

आधी जरा हात वर करा. पावसाळा संपला की सकाळी उठल्याउठल्या ज्यांना सलग दहा-बारा शिंका येतात, नाक गळतं, डोळे आणि टाळू खाजते, असे किती? बघा, बरेच आहेत. आता ज्यांना दमा आहे, त्यांनी हात वर करा.

एकही नाही. आपण इथं साधारण सव्वाशे जण बसलोय. देशाची सरासरी धरली तरी दम्याचे तिघं इथं असायला हवेत. हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी विचारला असता तर माझ्या आपाचाही हात वर गेला नसता, आणि तिच्या पर्समध्ये तेव्हा पंप होता.

आपाची गोष्ट सांगतोच. आधी शिंकांचं बोलू. या आजाराला इंग्रजीत हे फीव्हर म्हणतात, म्हणजे वाळक्या गवताचा ताप. गंमत अशी की त्यात ताप नसतो आणि वाळक्या गवताचा दोषही नसतो. पुस्तकी मराठीत परागज्वर म्हणतात, पण घरात तो शब्द मी कधी ऐकला नाही. आपण म्हणतो, ‘त्याला सर्दीचा कोठा आहे’. झाडं आणि गवतं वाऱ्यावर परागकण सोडतात, ते नाकात जातात, आणि शरीर त्या निरुपद्रवी कणांना शत्रू समजून लढाई सुरू करतं. लढाई नाकात झाली तर शिंका. खाली श्वासनळ्यांत झाली तर त्या सुजतात, आवळतात, आणि छातीत शिट्टी वाजते. नाक आणि फुप्फुस हा एकच रस्ता आहे, म्हणून दोन्ही आजार पुष्कळदा एकाच माणसात सापडतात.

मग जिथं पराग जास्त तिथं आजारी जास्त, हे उघड वाटतं ना? मलाही वाटायचं. १९९० च्या दशकात आयझॅक नावाची एक प्रचंड पाहणी झाली. ५६ देशांतल्या १३-१४ वर्षांच्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना प्रश्न विचारले: गेल्या वर्षभरात छातीत घरघर झाली का, सर्दी नसताना शिंका आल्या का. घरघर झालेल्या मुलांचं प्रमाण कुठं दोन टक्क्यांहूनही कमी, तर कुठं पस्तीसच्या वर. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वरच्या टोकाला; इंडोनेशिया, चीन, इथिओपिया आणि आपला भारत खालच्या टोकाला. पुढं काही संशोधकांनी ११ देशांतल्या २८ केंद्रांचे हवेतल्या परागांचे आकडे या उत्तरांशेजारी ठेवून पाहिले. संबंध जवळपास सापडलाच नाही. जो काही पुसट दिसला तो उलटा होता: पराग जास्त, तक्रारी किंचित कमी.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हाच घोटाळा निस्तरतो. बटण दाबलं आणि ॲप बंद पडलं, म्हणजे दोष बटणात नसतो. बटणानं फक्त दोष उघडा केला. आज सकाळी तुम्हाला शिंक आली ती परागामुळे, हे खरं. पण तुमचं शरीर परागाला शत्रू का समजायला लागलं, याचं उत्तर वेगळीकडे आहे, बहुधा बालपणात. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या सतरा हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, तर ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना परागज्वर कमी. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेची धुरकट शहरं आणि पश्चिमेचं म्युनिक यांची तुलना झाली. खोकला पूर्वेत जास्त निघाला, पण परागज्वर आणि दमा म्युनिकमध्ये. लहानपणी जंतूंशी, भावंडांशी, गोठ्याशी संबंध आला तर शरीर शत्रू-मित्र ओळखायला शिकत असावं, असा एक अंदाज आहे. म्हणून घाणीत राहा असा अर्थ काढू नका. गटारातून ॲलर्जी बरी होत नाही, कावीळ मात्र होते.

आता मेलबर्न. २०१६ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी तिथं होतो. तिथला वसंत आपल्या दिवाळीच्या सुमारास असतो. पहिल्या वर्षी मला काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी नाक गळायला लागलं. शेजारी बसणारा नांदेडचा मित्रही शिंकायचा. ‘एसीची सर्दी’ म्हणून आम्ही सोडून दिलं. २१ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी पारा ३५ अंशांवर, संध्याकाळी वादळ आलं आणि झपकन गारवा. मी खूश होऊन खिडकी उघडली. तासाभरात छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. रुग्णालयाच्या दारात आमच्यासारख्यांची रांग होती. पुढच्या तीसेक तासांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून जास्त श्वासाचे रुग्ण शहरातल्या रुग्णालयांत आले. दहा माणसं गेली.

झालं होतं असं. शहराबाहेरच्या रायग्रास गवताचा पराग एरवी इतका मोठा असतो की नाकातच अडकतो. वादळाच्या ओलाव्यानं ते कण फुटले, एकेकातून शेकडो सूक्ष्म कण निघाले आणि थेट फुप्फुसात उतरले. नंतर रुग्णांची चौकशी झाली, तेव्हा त्यातल्या सुमारे ८७ टक्क्यांना आधीपासून हंगामी शिंकांचा त्रास होता. डॉक्टरांनी निदान केलेला, चालू असलेला दमा फक्त २८ टक्क्यांना. भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं बरंच जास्त होतं. तिथं जाऊन काही हंगाम काढले की त्या गवताची ॲलर्जी जडू शकते. माझं तेच झालं. तुमच्यापैकी कुणी तिकडं शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल, तर व्हिक्टोरिया राज्य आता ऑक्टोबर ते डिसेंबर अशा वादळी दम्याचा अंदाज जाहीर करतं, तो रोज बघा. अंदाज वाईट असेल त्या दिवशी खिडकी बंद.

आपल्याकडं परत येऊ. आकड्यात आपण खालच्या टोकाला, मग काळजी कशाची? जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. पराग किंवा हवा यांनी ही तफावत समजत नाही. ती औषध न घेतल्यानं होते, आणि औषध न घेण्यामागं पुष्कळदा लाज असते.

माझ्या आपाला बारावीपासून दमा. रिश्ते यायला लागले तेव्हा अम्मीनं पंप कपाटात कपड्यांखाली ठेवला. अम्मीला दोष देत नाही. ‘मुलीला दम्याची बीमारी आहे’ हे वाक्य मोहल्ल्यात किती वेगानं फिरतं ते तिला माहीत होतं. निकाहनंतर सासरी आपानं रोजचा पंप बंदच केला. धाप लागली की ‘ॲसिडिटी आहे’ म्हणायची. नऊ महिन्यांनी एका रात्री ओठ निळे पडले. दूल्हेभाईंनी रिक्षात घालून नेलं, दोन दिवस ऑक्सिजनवर होती. तिसऱ्या दिवशी ते मला बाहेर म्हणाले, ‘मुझे बताया होता तो मैं क्या छोड़ देता?’ मी काही बोलू शकलो नाही. रिश्त्याचा बायोडेटा मीच टाइप केला होता.

पंपाची सवय लागते, असं अम्मी म्हणायची. तुमच्याही घरात म्हणत असतील. रोजच्या पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. ‘पंप नको, गोळी द्या’ म्हणून घेतलेली स्टेरॉइडची गोळी मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, आणि ती सगळ्या अंगात फिरते. दुसरं, धाप थांबवणारा पंप वेगळा आणि सूज उतरवणारा रोजचा वेगळा. आपल्याकडं बहुतेक जण पहिलाच ओढत राहतात, कारण त्यानं लगेच बरं वाटतं. सूज आत तशीच राहते.

रमजानबद्दल दरवर्षी विचारणा होते. पंपानं रोजा तुटतो का, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, त्यात मी पडत नाही. रोजचा पंप बहुतेकांना सहरीला आणि इफ्तारनंतर बसवता येतो, डॉक्टरांना विचारून घ्या. दिवसा अटॅक आला तर पंप ओढायचा. आजारी माणसानं रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत सूरह बकरामध्येच आहे. आणि घरात दम्याचं माणूस असेल तर जुम्मेरातचा लोबान अंगणात लावा.

गाजरगवताचंही सांगतो. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. १९५० च्या दशकात देशात त्याची नोंद पुण्यात झाली आणि आता ते सगळीकडं आहे. आपल्या कब्रस्तानात पावसाळ्यानंतर कमरेइतकं वाढतं. पांढरी फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, कारण त्वचेलाही ते खाजवतं. ज्यांनी शिंकांसाठी हात वर केला त्यांनी या कामाला येऊ नका, पाणी आणि चहाची व्यवस्था बघा.

मी एक पीक फ्लो मीटर आणलाय. श्वास किती जोरात बाहेर पडतो ते हा मोजतो. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवतो, प्रत्येकाला वेगळी कागदी नळी आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आकडा कमी आला तर निदान करणार नाही, फक्त छातीच्या डॉक्टरांकडं जा म्हणेन. आणि ज्यांना मघाशी हात वर करायचा होता पण केला नाही, त्यांनी फुंकायला या. कशासाठी आलात ते मी विचारणार नाही.