हिवाळ्यातील रात्र आणि विजेवाचून घर

मलकापूरच्या हवेविषयी बाहेरगावच्या माणसास विचारले, तर तो उन्हाळ्याचीच गोष्ट काढील. वैशाखातील झळा, भेगाळलेली काळी जमीन आणि दुपारी ओस पडलेले रस्ते, एवढेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. पण ते अर्धे आहे. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. नळगंगेच्या काठचे मलकापूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात येते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर आणि मध्ये सपाट, उघडे, कापसाचे रान. दिवाळी उलटून आकाश निरभ्र झाले, की दिवसभर साठविलेली ऊब जमीन रात्री आकाशास परत देऊन टाकते. उत्तरेकडे थंडीची लाट आली, म्हणजे तिचा वारा याही खोऱ्यात उतरतो. मग पहाटेचा पारा दहा अंशांपर्यंत, आणि कधी त्याच्याही खाली जातो.

बर्फ पडणाऱ्या देशांच्या मानाने ही थंडी ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु थंडीचा उपद्रव केवळ पाऱ्यावर अवलंबून नसतो. तो घराच्या सिद्धतेवर अवलंबून असतो. थंड देशातील घर थंडी मनात धरूनच बांधलेले असते. मलकापूरचे घर बांधताना गवंडी व मालक या दोघांच्याही मनात उन्हाळा असतो.

याचा एक दाखला फार दूरचा, तरीही जवळचा आहे. अमेरिकेतील टेक्सास हा प्रांतही कापसाचा व कडक उन्हाळ्याचा. तेथे 2021 च्या फेब्रुवारी महिन्यात अकस्मात बर्फाचे वादळ आले. वीज निर्माण करणारी यंत्रे व त्यांना इंधन पुरविणाऱ्या नळ्या गोठल्या, आणि लाखो घरे काही दिवस अंधारात राहिली. दोनशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत मरण पावली. त्यांतील बरीचशी थंडीने गारठून गेली. परंतु काही माणसे थंडीने मेली नाहीत, तर थंडी घालविण्यासाठी केलेल्या उपायाने मेली. कोणी बंद मोटारखान्यात मोटार चालू ठेवून ऊब घेतली, कोणी कोळशाची शेगडी घरात आणली. संपत्तीने व शास्त्राने पुढारलेल्या देशात जी चूक झाली, ती मलकापुरातही होऊ शकते. म्हणून हा विषय घरोघरी विचारात घेण्यासारखा आहे.

हिवाळ्यात पंखे बंद असतात. मग वीज जाण्याचे कारण काय? त्याचे उत्तर शिवारात आहे. हाच काळ रब्बीचा. हरभरा व गहू पाण्यासाठी आसुसलेले असतात, आणि विहिरीविहिरींवरचे पंप एकाच वेळी चालू होतात. ज्या रोहित्राला लोक डी.पी. म्हणतात, त्यावर त्याच्या शक्तीबाहेर भार पडतो. आतील तेल तापते, वेटोळी जळतात, आणि नवे रोहित्र येईपर्यंत वस्ती अंधारात राहते. कधी अवकाळी पाऊस व गारपीट यांनी तारा तुटतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने गावोगाव तासन्‌तास काळोख असे. ते दिवस पुष्कळसे मागे पडले. तथापि शेतीपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने कधी दिवसा व कधी रात्री वीज मिळत आली, आणि रात्रीची पाळी आली म्हणजे कडाक्याच्या थंडीत, ओल्या पायांनी, दारे धरण्याचे काम शेतकऱ्याच्या वाट्यास आले. दिवसाच पाणी देता यावे म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तिचे मूळ या कष्टांतच आहे.

घरधनी रात्री शेतावर गेलेला, आणि घरात नेमकी वीज गेलेली. अशा वेळी घरात कोण असते? म्हातारी माणसे, मुले, आणि पुष्कळदा माहेरी बाळंतपणास आलेली लेक. बाळंतिणीची खोली म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतलेली, वारा शिरू नये अशी. तिला शेक-शेगडी द्यावयाची, बाळाला ओव्याची धुरी द्यावयाची, ही रीत आईकडून लेकीकडे चालत आलेली आहे. विजेची शेगडी बंद पडली, की कोणी वडीलधारी बाई सहजच म्हणते, “लेकरू गारठेल, कोळशाची शेगडी आत घ्या.” शेगडी खाटेखाली येते, दार लोटले जाते, आणि सारे निश्चिंत मनाने झोपी जातात.

या निश्चिंतपणातच खरा धोका आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळ्यांना तो झोंबतही नाही. आपल्या रक्तातील जो तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहूनही अधिक आसक्तीने चिकटतो. मग छाती वरखाली होत राहते, श्वास चालू राहतो, पण शरीरास प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि नंतर गुंगी येते. जागा असलेला मनुष्य कदाचित दार उघडील; झोपलेला मनुष्य झोपेतून उठतच नाही. पुष्कळांची अशी समजूत असते, की निखारे लाल होऊन धूर निघेनासा झाला म्हणजे शेगडी निर्धोक झाली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. धूर डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करतो; धुराविना धगधगणारा निखारा मुळीच सावध करीत नाही.

मग पूर्वीच्या बायका अडाणी होत्या काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या काळी घरांना कौले असत, फटी असत. मातीच्या धाब्याच्या घरात छताला धूर जाण्यासाठी भोक ठेवलेले असे. घर स्वतःच श्वास घेत होते. आज त्याच जागी सिमेंटच्या छताची, घट्ट सरकत्या खिडक्यांची खोली उभी आहे. रीत तीच राहिली, पण घर बदलले. आणि घर बदलले म्हणजे रीतही बदलावी लागते. हीच गोष्ट न्हाणीघरात बसविलेल्या गॅसच्या गिझरची व घरात चालविलेल्या जनित्राची. जे जळते, ते मोकळ्या हवेत जळावे, हा एकच नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब अंगणातच पेटवावा, आणि शेकोटी ओट्याखाली, आकाशाखाली करावी.

शेगडी नाही, तर बाळास ऊब कशाने द्यावी? याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा नगरातील डॉक्टरांनी 1978 मध्ये दिले. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी उबेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी बालकास आईच्या उघड्या छातीशी, कातडीस कातडी लावून बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू या प्राण्यावरून त्या रीतीस नाव पडले, आणि आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. जिला वीज नको, कोळसा नको, अशी ही शेगडी प्रत्येक घरात आहे. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी व पायमोजे ठेवावेत, त्यास आईच्या छातीशी उभे धरावे, तोंड व नाक मोकळे राहील असे पाहावे, आणि दोघांवर मिळून पांघरूण घ्यावे. आई दमली, तर बापाने किंवा आजीने तेच करावे. मात्र बाळ छातीशी असता त्या माणसाने झोपी जाऊ नये. अधूनमधून बाळाचे पोट व तळपाय हाताने चाचपावेत. पाय गार पण पोट उबदार असेल, तर ऊब वाढवावी. पोटही गार लागले, किंवा बाळ दूध ओढीनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेतही बाळ छातीशीच ठेवावे.

बाकीची सिद्धता फारशी खर्चाची नाही. मात्र ती दिवाळीनंतर लगेच केली पाहिजे. गाद्या, रजया व गोधड्या दोनचार दिवस कडक उन्हात टाकाव्यात. दमट कापूस ऊब धरीत नाही. उन्हाने फुललेला कापूस हवा कोंडून धरतो, आणि ती कोंडलेली हवाच खरे पांघरूण होय. याच कारणाने एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक उबदार होतात. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत हे शास्त्र आधीपासून शिवलेले आहे. जितकी थंडी वरून लागते, तितकीच खालून लागते. म्हणून फरशीवर निजणाऱ्याने अंगाखाली चटई व वाकळ दोन्ही घालावीत. दुपारी दक्षिणेकडील खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्या लावाव्यात. पत्र्याचे छप्पर असेल, तर त्याखाली कापडाचे किंवा तट्ट्याचे आढे बांधावे. साऱ्या घरात विखरून निजण्यापेक्षा एका खोलीत जवळजवळ निजावे. माणसांचीच ऊब माणसांस पुरते.

दिव्यांचा विचार करताना थोडा हिशेबही करावा. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी 12 व्होल्टची व 150 अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात 1800 वॅट-तास शक्ती साठते; त्यांपैकी सुमारे 1200 हाती लागतात असे धरावे. 9 वॅटचे चार दिवे तीवर तीस तासांहून अधिक चालतील. पण 1000 वॅटची विजेची शेगडी, इन्व्हर्टरने सोसलीच तर, ती बॅटरी तासाभरात रिती करील. म्हणून बॅटरी प्रकाशासाठी राखावी, उबेसाठी नव्हे. तिच्यातील शुद्ध पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी, आणि ती बंद खोलीत ठेवू नये. विजेरी कोठे आहे, हे घरातील लहान मुलासही अंधारात हात घालून सांगता आले पाहिजे. दूरध्वनी तिन्हीसांजेला भारून ठेवावा, वरची टाकी भरून घ्यावी, थर्मासमध्ये ऊन पाणी असावे. ज्या घरी प्राणवायूच्या यंत्रावर अवलंबून असणारा रुग्ण आहे, त्यांनी भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा, आणि तो कसा उघडावयाचा हे दोघांना तरी शिकवून ठेवावे.

वीज गेली, म्हणजे मोटार, गिझर, शीतकपाट यांची बटणे बंद करावीत. एक दिवा तेवढा चालू ठेवावा, म्हणजे वीज आल्याचे कळेल. 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. स्वतः रोहित्रापाशी जाऊन तारा हलविण्याचे धाडस कोणीही करू नये.

आणि शेवटची तयारी शेजाऱ्याची. गल्लीत कोणते म्हातारे एकटे निजते, कोणत्या घरी बाळंतीण आहे, हे वीज असतानाच ठाऊक असले पाहिजे. अंधार पडला, की त्या दारावर एकदा थाप द्यावी आणि विचारावे, शेगडी आत तर नाही ना? या एका प्रश्नाला काही खर्च येत नाही. पण बंद दाराआड निजलेल्या मायलेकरांना तो सकाळचे ऊन दाखवू शकतो.