मंडईच्या रात्रीं : कानानें ओळखावयाचीं गाणीं

कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतील एका समारंभांत पाहुण्या कलावंतांचा परिचय करून देण्याचें काम मजकडे आलें होतें. भंडारा जिल्ह्यांतून आलेल्या मंडळीस मीं मोठ्या थाटानें ‘तमाशा मंडळ’ असें संबोधिलें. मंडळींतील वृद्ध शाहीर रागावले नाहींत. डफ खालीं ठेवून ते एवढेंच म्हणाले, “आमची खडी गंमत आहे जी, साहेब. अगोदर आयका, मंग नाव सांगा.”

त्या दिवशीं मी ओशाळलों, परंतु पुढें ऐकावयास गेलों. दिवाळीचा पाडवा झाला, कीं भंडाऱ्याकडे मंडयांना आरंभ होतो. आज ह्या गांवीं, उद्यां त्या गांवीं. दिवसा बाजार व पाहुण्यांची वर्दळ. रात्र पडली कीं गाण्याला तोंड फुटतें. वैनगंगेच्या कांठच्या अशाच एका मंडईस मी अंधार पडल्यावर पोहोंचलों. दुरून मला सारा एकच गलका वाटला. बरोबरचा शेतकरी मात्र क्षणभर थांबला व म्हणाला, “इकडे दंडार आहे, तिकडे गंमत.” दृष्टीस तर कांहींच पडत नव्हतें! मग त्यानें हें ओळखलें कशावरून?

पुष्कळ रात्री ऐकल्यानंतर मला असें दिसून आलें, कीं कानानें तीन प्रश्न विचारावेत. पुढें कोणतें वाद्य चालतें? गाणाऱ्यास साथ कोण देतें? आणि गाणें थांबतें, तें कशासाठीं?

प्रथम दंडार घेऊं. हें समूहाचें गाणें. एक जण ओळ उचलतो, रांगेंतील सारे ती झेलतात, आणि टिपऱ्यांचा कोरडा आघात व पायांचा ठेका एकाच मात्रेवर पडतो. ढोलकी आणि टाळ असतात, परंतु कानांत भरतो तो अनेक माणसांनीं मिळून केलेला एकच नाद. परसंगी दंडारींत गाणें थांबतें तें कथेंतील पात्रांना बोलूं देण्यासाठीं.

खडी गंमत निराळी. कलावंत रात्रभर उभ्यानें खेळ करतात, म्हणून ती ‘खडी’. येथें ढोलकी, डफ व टाळ ह्यांच्या मागून एक विलक्षण आवाज येतो. जणूं कोणी हुंकार देत देत बोलत आहे. तो चोणका. एका तोंडास कातडें मढविलेलें पोकळ लांकडी भांडें, त्या कातड्यांतून ओवलेली तार. तार ताणली कीं स्वर वर चढतो, सैल सोडली कीं खालीं घसरतो. शाहिराची ओळ संपली कीं मागचे साथीदार तिचा शेवटचा सूर लांबवीत नेतात, नाच्याचे घुंगरू वाजतात, आणि गाणें थांबतें तें विनोदासाठीं. हा नाच्या परंपरेनें पुरुषच. पश्चिम महाराष्ट्रांतील तमाशांत लावणी गाणाऱ्या स्त्रीचा कंठ ऐकूं येतो. येथें तसें नसे. माझी चूक येथेंच झाली होती.

डफ आणि तुणतुणें एवढ्यावरच भागत असेल व गाणें प्रश्नावर येऊन थांबत असेल, तर तो कलगी-तुऱ्याचा सामना समजावा. कलगीवाले शक्तीस श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवास. एका पक्षाच्या सवालानंतर दुसऱ्यास जवाब द्यावयाचा असतो. शब्द कळणें अगत्याचें, म्हणून वाद्यें मागें राहतात.

गोंधळाचें मर्म संबळांत आहे. एक तोंड खर्जाचें, एक चढें, आणि दोन्हींवर काठीचा आघात; बोटांनीं घुमविलेला ढोलकीचा नाद त्यांत नाहीं. खंजिरी-भजनांत प्रत्येक थापेबरोबर चकत्यांची किणकिण उठते व सारी सभाच धृपद म्हणते. तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) हा प्रकार विदर्भांत घरोघरीं पोहोंचविला. आणि ऑर्गनचा लांब सूर, त्यावर एकट्या नटाचें पद, मग बराच वेळ गद्य भाषण, असा क्रम ऐकूं आला कीं झाडीपट्टीचें संगीत नाटक चालू आहे असें समजावें. वडसा-देसाईगंज ही त्या नाटक मंडळ्यांची पेठ.

कोणी म्हणेल, गाणें गोड लागलें म्हणजे पुरे. नांवाचा एवढा आग्रह कशास? श्रोतेहो, नांवावरून बोलावणें येतें. सगळ्यांस सरसकट ‘लोकगीतें’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकास कोणतीहि मंडळी सारखीच. तो चित्रपटगीताची मागणी करतो आणि पोटासाठीं मंडळी ती पुरवितात. ध्वनिक्षेपकासमोर विजेवर चालणारें तालयंत्र ठेवलें, कीं दंडारीला जो ठेका तोच गमतीला. अशा वेळीं पहिला गळतो तो चोणकेवाला, कारण त्याचा आवाज त्या गर्जनेंत टिकत नाहीं. अधिक दुःखाची गोष्ट ही, कीं तो गेल्याचें श्रोत्यांच्या ध्यानांतहि येत नाहीं. तो होता हेंच त्यांना कधीं कळलेलें नसतें!

साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीबोली व दंडार ह्यांविषयीं लिहून ठेवलें, हें थोर काम होय. परंतु ग्रंथांत शब्द राहतात, ठेका राहत नाहीं. तो राहतो वाजविणाऱ्याच्या हातांत आणि ऐकणाऱ्याच्या कानांत. ह्यांपैकीं एक निघून गेला, तर दुसरा फार काळ तग धरीत नाहीं.

म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीनंतर एखाद्या मंडईस सहकुटुंब जा. दिव्यांच्या झगमगाटापासून थोडें दूर उभे राहा आणि मुलांना डोळे मिटून विचारा, “काय चाललें आहे, सांगा पाहूं?” ढोलकी कोणीहि ओळखील. तिच्यामागचा चोणका ज्या मुलास ऐकूं आला, त्यास तो कोणीं वाजविला हें दाखवा, आणि वाजविणाऱ्यासहि सांगा, कीं तुमचा आवाज आम्हांस ऐकूं आला.