वनांची विरळणी आणि लहान यंत्रांची उत्पादकता

(वनव्यवस्थापनविषयक अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



रोपवनाच्या लागवडीच्या दिवशी समारंभ होतो. विरळणीच्या दिवशी तेथे सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक रोपवनाचे भवितव्य विरळणीवरच अवलंबून असते. सागाची रोपे 2 मीटर बाय 2 मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी 2,500 रोपे बसतात. ती सर्वच राहू दिली, तर प्रकाश व पाणी यांसाठी स्पर्धा होऊन खोडे बारीक राहतात. म्हणून वाकडी, दबलेली व रोगट झाडे वेळोवेळी काढावी लागतात. परंतु या कामात निघणारा माल बारीक, त्याला भाव कमी आणि मेहनत मात्र अधिक. त्यामुळे विरळणी लांबणीवर पडते. लहान यंत्रांचा प्रश्न उपस्थित होतो तो येथे.

उत्तर युरोपातील अनुभव

या बाबतीत फिनलंड व स्वीडन या देशांचा अनुभव उद्बोधक आहे. फिनलंडमधील सुमारे 60 टक्के वनजमीन खाजगी मालकीची, बहुतांशी शेतकरी व अन्य कुटुंबांची आहे. तेथे अंतिम तोडीपूर्वी साधारणपणे दोन-तीन वेळा विरळणी होते. एक यंत्र झाड पकडून कापते, फांद्या सोलते व खोडाचे तुकडे करते. दुसरे ते तुकडे उचलून रस्त्यापर्यंत नेते. नेहमीच्या यंत्राची भुजा सुमारे 10 मीटर पोहोचते. म्हणून वनात सुमारे 20 मीटर अंतराने 4 मीटर रुंदीच्या वाटा आखतात. म्हणजे क्षेत्राचा पाचवा हिस्सा वाटांतच जातो. लहान यंत्र अरुंद वाटेने जाते, जमीन कमी दाबते आणि त्याची किंमतही कमी असते. त्याची भुजा मात्र आखूड व ताकद मर्यादित असते.

खोडाचे घनफळ निर्णायक

उत्पादकता म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या एका तासात मिळालेले घनमीटर लाकूड. ती अश्वशक्तीपेक्षा खोडाच्या घनफळावर अधिक अवलंबून असते. उदाहरणादाखल, एका झाडास 45 सेकंद लागतात असे धरू. तासाला 80 झाडे होतील. दर झाडी 0.05 घनमीटर लाकूड असल्यास 4 घनमीटर, आणि 0.10 घनमीटर असल्यास जवळजवळ दुप्पट माल मिळेल. जाड झाडास थोडा वेळ अधिक लागतो एवढेच. यंत्र तेच, चालक तोच, इंधनाचा खर्चही जवळपास तोच. परंतु दर घनमीटरचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो. लहान यंत्र मोलाचे ठरते ते पहिल्या विरळणीत. कारण तेथे महागड्या यंत्राचा तास बारीक काठ्यांवर खर्ची घालणे परवडत नाही.

वाहतुकीचा हिशेब निराळा आहे. 900 मीटर जाऊन परत येण्यास, ताशी 3 किलोमीटर वेगाने, 36 मिनिटे लागतात. एका खेपेत 3 घनमीटर नेल्यास दर घनमीटरमागे 12 मिनिटे, तर 12 घनमीटर नेल्यास केवळ 3 मिनिटे पडतात. लहान वाहन शोभते ते जवळच्या अंतरावर. वनरस्ता दूर असेल, तर तोडणीत वाचलेला पैसा वाहतुकीत जातो.

उभ्या झाडांचे मोल

केवळ तासाच्या घनमीटरवर लक्ष ठेवणे धोक्याचे आहे. विरळणीचे खरे उत्पादन म्हणजे मागे उभी राहिलेली झाडे. त्यांची साल खरवडली गेली, की जखमेतून कूज शिरते आणि पुढील अनेक वर्षांची वाढ वाया जाते. यासाठीच त्या देशांत मऊ जमिनीवर फांद्यांचा थर अंथरून त्यावरून यंत्रे चालवितात व शक्य तेथे जमीन गोठल्यावर काम करतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. ओल्या काळ्या जमिनीत चाके रुततात आणि माती दाबली जाते. म्हणून ओढाईचे काम कोरड्या ऋतूतच करावे. मात्र त्या दिवसांत वाळलेला पालापाचोळा वणव्यास खाद्य पुरवितो, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना 1974 मध्ये झाली. त्याच्या कामात साग रोपवनांचा वाटा मोठा आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभाही आज वनव्यवस्थापन करीत आहेत. अशा ठिकाणी युरोपातील यंत्रे जशीच्या तशी आणणे इष्ट नव्हे. साखळी-करवत, ट्रॅक्टरला जोडलेला विंच आणि लहान ट्रेलर एवढ्यावरही पुष्कळ काम होऊ शकेल. खरेदीपूर्वी मात्र तीन गोष्टी मोजाव्यात : काढावयाच्या झाडांचे सरासरी घनफळ, रस्त्यापर्यंतचे अंतर आणि वर्षातून यंत्रास मिळणारे कामाचे दिवस. वर्षातील बहुतेक दिवस गोदामात उभे राहणारे यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच पडते. अनेक गावांनी मिळून एक संच वापरण्याचा विचार यासाठीच करावा.

यंत्रामुळे कोणाची मजुरी जाणार असेल, तर तो प्रश्नही ग्रामसभेत मोकळेपणाने चर्चिला जावा. चालकाचे प्रशिक्षण, शिरस्त्राण व पायांचे संरक्षण यांवरील खर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग मानावा. उत्पादकता वाढवावयाची ती माणसाचे श्रम हलके करण्यासाठी आणि वन अधिक सकस करण्यासाठी, याचा विसर पडू नये.