ताळेबंदात न दिसणारे भांडवल



व्यापाराचे बळ मोजावयाचे तर आपण दुकान, गोदाम आणि रोकड मोजतो. मुंबईच्या डबेवाल्यांपुढे हे माप थिटे पडते. सायकल, लाकडी पाटी आणि रेल्वेचा पास एवढीच त्यांची दृश्य मालमत्ता. तरीही १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय शतकाहून अधिक काळ चालला.

याचे मर्म नातेसंबंधांत आहे. यातील बहुसंख्य मंडळी मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली. नवा माणूस येतो तो कोणाच्या तरी ओळखीने. त्याने कुचराई केली तर गावात शब्द खाली पडतो तो त्याला आणणाऱ्याचा. त्यामुळे देखरेखीवर फारसा खर्च करावा लागत नाही. गटातील सभासद मिळकत वाटून घेतात, म्हणून एकजण आजारी पडला तर त्याचे डबे दुसरा उचलतो. झाकणावरील खुणांचे कौतुक जगाने पुष्कळ केले. माझ्या मते त्या खुणांची नक्कल कोणीही करील, त्यांच्यामागचा विश्वास मात्र उसना मिळत नाही.

या भांडवलाच्या मर्यादाही आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने कार्यालये बंद झाली, तेव्हा विश्वास शाबूत असूनही डबे थांबले. शिवाय ओळखीने उघडणारे दार अनोळखी माणसास बंदच राहते.

आपला इचोडा कापसाच्या मुलखातला. येथेही व्यवहार शब्दावर चालतो. पेरणीच्या वेळी कागदाविना उचल देणारा व्यापारी अडीनडीला उपयोगी पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उचल घेतलेल्यास कापूस बहुधा त्याच दुकानी, त्याच काट्यावर घालावा लागतो. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते. पण तेथे ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असल्यास भाव कापला जातो, १२ च्या वर माल घेतलाच जात नाही, आणि पैसे बँकेत जमा होईपर्यंत थांबावे लागते. डोक्यावर उचल असणाऱ्याला तेवढी उसंत कोठली? डबेवाल्यांच्या गटात सभासद एकमेकांस जाब विचारू शकतात. उचलीच्या व्यवहारात तो एकाच बाजूने विचारला जातो. आणि दोहोंनाही आपण ‘विश्वास’ हाच शब्द लावतो!

या शाळेचे माजी विद्यार्थी आज काट्याच्या दोन्ही बाजूंस उभे आहेत. त्यांतील व्यापारी बंधूंनी उचलीची आणि वजनाची लेखी पावती देण्यास आपल्या दुकानापासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सुचवितो. पावतीने जुना घरोबा तुटेल ही भीती मला पटत नाही. बँकेत ठेव ठेवताना आपण पावती मागतोच. मोसमातील पहिली गाडी येण्यापूर्वी पावतीपुस्तके सहज छापून होतील.