लेथवर बियांचे तेल



भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये डोकावले, तर फिरत्या जॉबवर दुधाळ पाण्याची एक धार अखंड पडताना दिसते. कामगार तिला कूलंट म्हणतात. टूलच्या टोकाशी उष्णता सातशे-आठशे अंशांच्या घरात जाते. ती वाहून न्यायची आणि घर्षणही कमी करायचे, हे या धारेचे काम. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १८८० च्या दशकात नुसत्या पाण्याची मोठी धार सोडून कातण्याचा वेग तीस-चाळीस टक्क्यांनी वाढविला होता. पुढे पाण्यात खनिज तेल मिसळण्याची पद्धत रूढ झाली.

ही पद्धत स्वस्त आहे, पण तिची खरी किंमत हातांवर दिसते. दिवसभर या पाण्यात बोटे बुडालेल्या कामगाराची कातडी कोरडी पडते, खाजते, फुटते. टाकीत जंतू वाढतात. साप्ताहिक सुट्टीनंतर यंत्र सुरू करताना येणारी दुर्गंधी कारखान्यातील प्रत्येकाला परिचित आहे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. तरीही त्यातले किती नाल्यात जाते, हे नाल्याकडे पाहूनच समजावे.

अशा परिस्थितीत बियांच्या तेलाचा विचार पुढे येतो. तो भावनेचा नव्हे, रसायनशास्त्राचा आहे. वनस्पती तेलाच्या रेणूचे प्राणवायूयुक्त टोक धातूला चिकटते आणि लांब शेपट्या बाहेर उभ्या राहतात; जणू पृष्ठभागावर दाट लव उगवते. खनिज तेलाला असे टोक नसते. म्हणून जड कामासाठी त्यात गंधक, क्लोरीन यांची संयुगे घालावी लागतात. वेल्लोरचे अँथनी झेवियर व अदितन यांनी ३०४ जातीच्या, म्हणजे आपल्या घरच्या भांड्यांच्या, स्टेनलेस स्टीलवर प्रयोग केले. हे स्टील कातायला मोठे हट्टी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत खोबरेल तेलाने टूलची झीज कमी झाली आणि पृष्ठभागही अधिक गुळगुळीत आला.

मात्र एवढ्यावर हुरळून जाणे योग्य नव्हे. स्वयंपाकघरातील तेलाच्या बरणीवर जो चिकट थर साचतो, तो गृहिणींना ठाऊक आहे. तेलाचा हवेशी संयोग होऊन तो बनतो. सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल यंत्रात ठेवले, तर तेथेही तेच घडेल. खोबरेल सहसा असे बिघडत नाही. पण थंडीत थिजते. शिवाय खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागविणाऱ्या देशाने ताटातले तेल लेथवर ओतावे काय? त्यापेक्षा करंज, कडुनिंब आणि एरंड यांकडे वळणे शहाणपणाचे. करंजाचे तेल दिव्यासाठी व कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरात आहे, खाण्यासाठी नाही. एरंडाच्या उत्पादनात तर भारत जगात प्रथम आहे. त्याचे तेल फार दाट, तेव्हा ते पातळ करून घेणे भाग आहे.

दराचा प्रश्न उरतोच. शंभर लिटरची टाकी अशा तेलाने भरणे लहान उद्योजकाला परवडणारे नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. दाबाच्या हवेबरोबर तासाला दहा ते शंभर मिलिलिटर तेल नेमके टूलच्या टोकावर सोडण्याचे तंत्र उपलब्ध आहे. तासाला पन्नास धरले, तर आठ तासांच्या पाळीला चारशे मिलिलिटर पुरते. ग्राइंडिंग किंवा खोल छिद्रे पाडण्याचे काम असेल, तर बहुधा पाण्याची धारच हवी. पाण्याइतकी उष्णता तेल शोषू शकत नाही. आणि तेल वनस्पतीचे असले, तरी त्याचे तुषार श्वासावाटे फुफ्फुसात जाणे हिताचे नाही. यंत्राला झाकण आणि हवा ओढून घेणारा पंखा आवश्यकच.

ज्यांना प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी एकच लेथ निवडावा. जॉब तोच, टूल तेच, वेग तोच ठेवून एका धारेवर किती नग निघतात, याची महिनाभर वहीत नोंद करावी. त्याच वहीत यंत्र चालविणाऱ्याच्या हातांची स्थितीही लिहावी.